पान पिवळं पडलं, पण का?

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला नवे नाहीत. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने त्यांना आपल्या घराघरांत नेलं. भुईमुगापासून त्यांनी केलेले पदार्थ सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र त्यांच्या कामातली एक घोडागाडी जास्त मोलाची वाटते. १९०६ साली ती अलाबामातल्या टस्कीगी संस्थेतून निघाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, म्हणून तिला जेसप वॅगन म्हणत. गाडीत नांगर, बियाणं, दूध तपासायची आणि लोणी काढायची साधनं असत. काल-परवापर्यंत गुलामीत राबलेल्या घरांतले हे शेतकरी कॉलेजच्या पायऱ्या कधी चढणार? मग कॉलेजच त्यांच्या बांधावर गेलं. टॉमस कॅम्पबेल हा टस्कीगीचा विद्यार्थी गाडी घेऊन गावोगाव हिंडायचा आणि ‘असं करा’ म्हणण्याआधी स्वतः करून दाखवायचा.

‘कृषी विस्तार’ या रूक्ष सरकारी शब्दामागे ही अशी माणसं आणि अशा वाटा आहेत. अमेरिकेत १८६२च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. त्यांना प्रयोगकेंद्रांची जोड मिळाली ती १८८७च्या हॅच कायद्याने. पण प्रयोगकेंद्रात लागलेला शोध शेतापर्यंत न्यायला हक्काचा माणूस नव्हता. १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तो दिला. केंद्र सरकार, राज्याचं विद्यापीठ आणि स्थानिक काउंटी अशा तिघांच्या पैशातून प्रत्येक भागात विद्यापीठाचा एक प्रतिनिधी नेमला जाऊ लागला. त्याला प्रश्न विचारायला फी नव्हती आणि विकायला त्याच्याकडे कुठलं औषधही नव्हतं. घरच्या बागेच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. रोपवाटिकावाला किंवा खताचा दुकानदार मनाने कितीही चांगला असला, तरी त्याच्या उत्तराच्या शेवटी एक बाटली असतेच. विद्यापीठाचा माणूस ‘काही करू नका, पाणी कमी घाला’ एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवू शकतो. आणि पुष्कळदा खरं उत्तर तेवढंच असतं.

पुढे शहरं पसरली आणि शेतकऱ्यांसाठी नेमलेल्या या माणसांचे फोन बागवाल्यांनी व्यापून टाकले. वॉशिंग्टन राज्यात सिएटल आणि टॅकोमा या शहरांच्या परिसरात १९७०च्या सुमारास हीच गत होती. गुलाबाला काय झालं, टोमॅटो का सडला, हिरवळ का जळाली, असे प्रश्न दिवसभर येत. तिथले दोन विस्तार अधिकारी, डेव्हिड गिबी आणि बिल शीर, यांनी एक तोडगा काढला. बागेची आवड असलेल्या नागरिकांना विद्यापीठानेच नीट शिकवायचं आणि त्या बदल्यात त्यांनी शेजारपाजारच्या बागवाल्यांच्या प्रश्नांना विनामूल्य उत्तरं द्यायची. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या काही तज्ज्ञांना ते पटलं नाही. हौशी माणसं चुकीचा सल्ला देतील, ही त्यांची भीती होती. तेव्हा १९७२ साली टॅकोमातल्या एका मॉलमध्ये झाडांचा दवाखाना मांडून पाहिला. लोक दुखणाईत फांद्या घेऊन आले आणि गरज किती मोठी आहे ते सगळ्यांना दिसलं. १९७३पासून रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. ‘मास्टर गार्डनर’ या नावाने हा उपक्रम आज अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या राज्यांत चालतो.

या दवाखान्यांत शिकवतात ती खरी विद्या औषधांच्या नावांची नसते. तिथे प्रश्न विचारायला शिकवतात, आणि तेही क्रमाने. झाड कोणतं? निरोगी असताना ते कसं दिसतं? (काही जातींची पानं मुळातच पिवळट-ठिपकेदार असतात. जुनी पानं गळणं हाही त्यांचा नेहमीचा व्यवहार असतो.) बिघाड पहिल्यांदा कधी दिसला, एका रात्रीत की हळूहळू? खालच्या पानांवर की शेंड्यावर? शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांनाही तेच झालंय का? गेल्या महिन्यात काय बदललं? कुंडी, जागा, खत, रंगकाम, बोअरचं पाणी?

या प्रश्नांमागे एक साधं तर्कशास्त्र आहे. बुरशी, जिवाणू, कीड ही जिवंत कारणं बहुधा एका जातीला किंवा जवळच्या नात्यातल्या जातींना धरतात, कुठूनतरी सुरू होतात आणि पसरत जातात. म्हणून त्यांचा नमुना वेडावाकडा असतो. एक फांदी जास्त, दुसरी कमी, आज चार पानं, आठवड्याने चौदा. ऊन, पाणी, क्षार, तणनाशकाचा उडालेला फवारा ही निर्जीव कारणं एकदम आणि सारखीच उमटतात. पश्चिमेच्या बाजूची सगळी पानं करपली, किंवा जास्वंद, मनीप्लांट आणि तुळस तिन्ही एकाच आठवड्यात कडेने तपकिरी झाली, तर बुरशीनाशक शोधत बसू नये. तिन्ही जातींना एकाच दिवशी धरणारी बुरशी जवळपास नसतेच. घरच्या बागेतल्या तक्रारींचा फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि आपण मात्र फवारणीचा पंप हातात घेऊन उभे असतो.

पिवळ्या पानाचंच घ्या. पान पिवळं पडलं की खत, हे समीकरण आपल्याकडे पक्कं आहे. पण पिवळं पडणारं पान झाडावर कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

आता देशावरच्या कुठल्याही सोसायटीतला अनंत किंवा एक्झोरा पाहा. खालची पानं गडद हिरवी, आणि शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी. त्या पिवळ्यात शिरा मात्र हिरव्याच, बारीक जाळी काढल्यासारख्या. पान उन्हासमोर धरलं की ही जाळी स्वच्छ दिसते. ही लोहाची उणीव. पण मातीत लोह कमी आहे असं मात्र नाही. आपली काळी माती बेसॉल्टची, लोहाने भरलेली. अडचण तिच्या सामूची (पीएचची) आहे. देशावरच्या मातीत चुनखडी असते, सामू बहुधा साडेसात-आठच्या आसपास किंवा वर असतो, आणि अशा अल्कधर्मी मातीत लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात रोज बोअरचं जड पाणी घातलं की सामू आणखी वर सरकतो. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या आम्लधर्मी मातीत हीच झाडं काही न करता हिरवीगार राहतात.

म्हणूनच कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा उपाय देशावर फुकट जातो. गंज म्हणजे मातीत आधीच पडून असलेलं, न विरघळणारं लोहच. तात्पुरता आराम हवा असेल तर हिराकशीचं (फेरस सल्फेटचं) पातळ द्रावण पानांवर फवारावं. अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, याहून तीव्र नको, आणि आधी दोन-चार पानांवर घालून पाहावं. चिलेटेड लोह घेणार असाल तर त्याचा प्रकार वाचून घ्या. ‘ईडीटीए’ प्रकारचं लोह अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ते फवारणीलाच बरं. मातीत घालायचं तर ‘ईडीडीएचए’ प्रकार लागतो. मुळातला इलाज मात्र कुंडीतली माती बदलण्याचा. चुनखडीची माती कमी, कुजलेलं पानखत भरपूर, आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी.

पाण्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण कुंडीतली सर्वाधिक झाडं प्रेमाने घातलेल्या पाण्याने मरतात. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतली हवा त्यांना लागते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग मूळकुजीच्या बुरशीला आयतं रान मिळतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे झाड मान टाकतं. ते तहानलेल्या झाडासारखंच दिसतं आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. म्हणून मान टाकलेल्या झाडाला पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसावं. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर झाड कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळं पाहावीत. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत, वासाचं. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरतो. हे एकदा पाहिलेला माणूस पुढे पाण्याचा हात आपोआप आवरतो.

याच संदर्भात एक जुनी सवय सोडायला हवी. निचरा व्हावा म्हणून आपण कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि खडी भरतो. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी जाडसर खडीत उतरायला आधी वरची माती पुरती भिजून तुडुंब व्हावी लागते. म्हणजे पाण्याने चिंब राहणारा थर नाहीसा होत नाही, उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एखादी खापरी किंवा जाळी माती अडवायला पुरे. निचरा हवा तर पूर्ण मातीच मोकळी करावी लागते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट या विस्तारतज्ज्ञ अशा रूढ समजुती संशोधनावर घासून पाहतात आणि लोकांसाठी सोप्या भाषेत लिहितात. खापऱ्यांचा समज त्यांच्या यादीत आहे.

त्यांच्या यादीत एप्सम सॉल्टही आहे. आपल्या गच्चीवरच्या बागांत ही पांढरी पूड अलीकडे सर्रास दिसते. गुलाबाला, टोमॅटोला, मिरचीला, कशालाही चमचाभर. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे. मॅग्नेशियमची उणीव खरोखर असेल तर उपयोगी, नसेल तर नुसता क्षारांचा बोजा. टोमॅटोच्या बाबतीत तर ते उलटं पडतं, कसं ते पाहू.

गच्चीवर हौसेने लावलेल्या टोमॅटोला पहिली फळं धरतात, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला, फळाच्या बुडाशी, एक पाणचट डाग येतो. आठवड्याभरात तो चामड्यासारखा काळपट खळगा होतो. बघणाऱ्याला वाटतं रोग आला. पण हा रोग पसरत नाही, कारण तो रोगच नाही. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातं. पानांतून बाष्प जास्त उडतं म्हणून पाण्याचा ओढा पानांकडे, आणि फळ उपाशी. त्यात छोट्या कुंडीची माती दुपारी कोरडीठाक आणि संध्याकाळी चिखल झाली की पुरवठा वारंवार तुटतो. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं. तिथे अंड्याची टरफलं घालून या हंगामाच्या फळांना काही मिळत नाही, ती विरघळायला फार काळ लागतो. आणि एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम मुळाशी कॅल्शियमशीच स्पर्धा करतं. उपाय आहे तो मोठी कुंडी, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, नत्रखत बेताचं आणि पाणी रोज ठरल्या वेळी ठरल्याएवढं. डाग पडलेली फळं काढून टाकावीत. पाणी सुरळीत झालं की पुढची फळं बहुधा स्वच्छ येतात.

कीड खरोखरच असेल तेव्हाही घाई नको. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड चिकट पाणी टाकतो. त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि तो चाटायला मुंग्या येतात. मुंग्या फुकट खात नाहीत. पिठ्या ढेकणाला खायला येणाऱ्या शत्रूंना त्या हुसकावून लावतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी ती तोडावी, मित्रकीटकांचं काम तेवढ्यानेच सोपं होतं.

याच पुंजक्यांत कधी कधी एक थोराड, पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या अंगभर लोंबणारा प्राणी दिसतो. पाहणारा म्हणतो, हा ढेकणांचा म्होरक्या, आणि पहिला त्यालाच चिरडतो. तो क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा ढालकिडा मुख्यतः पिठ्या ढेकणांवर जगतो, आणि त्याची अळी ढेकणांसारखंच पांढरं रूप घेऊन त्यांच्यात वावरते. ओळखायची खूण सोपी आहे. काडीने हलकेच डिवचा. ढेकूण जागचा क्वचितच हलतो, अळी झपझप चालू लागते. चालली तर फवारणीचा बेत रद्द करा.

कढीपत्ता आणि लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसतं आणि हात लावला की हलतं, तीही अळीच. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि पुढे तिचं काळ्या-पिवळ्या नक्षीचं सुंदर फुलपाखरू होतं. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, म्हणून तिला दोन्ही चालतात. रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचून टाकाव्यात. झाड मोठं असेल तर थोडी पानं तिला द्यावीत, त्याने झाडाचं काही बिघडत नाही. लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा काढणाऱ्या नागअळीचंही तसंच. ती कोवळ्या पालवीतच शिरते, आणि आत असल्यामुळे वरून फवारलेलं बरंचसं औषध तिच्यापर्यंत पोचतही नाही.

कीड दिसली की मारायची, यापेक्षा ती किती झाली म्हणजे मारणं परवडतं हे आधी ठरवावं, हा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ साली नेमकेपणाने मांडला. शेतात तो पैशाचा हिशेब असतो. घरच्या बागेत तर कीटकनाशकाचा वापर स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतो, मूल आणि मांजर तिथेच फिरत असतं. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने आणि पाण्याच्या जोरदार धारेने निघतात. जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क करावा. निंबोळीची ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, थोडा साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनेही फवारायचं. अर्क त्याच दिवशी संपवावा. बाजारातलं रासायनिक औषध घ्यायची वेळ आलीच तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाला घरात जागा असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं करूनही झाडाचं दुखणं कळत नसेल तर विचारायचं कोणाला? आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या त्या कॉलेजांच्याच नमुन्यावर उभी आहेत. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एकाच छताखाली. देशातलं पहिलं पंतनगरला १९६० साली झालं. महाराष्ट्रात राहुरीचं १९६८चं, अकोल्याचं १९६९चं, परभणी आणि दापोली १९७२ची. आपल्या राज्यातल्या या उभारणीला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाची मदत होती. पुढे कृषी विज्ञान केंद्रं आली. पहिलं १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं, आज महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ किंवा दूरदर्शनचं ‘आमची माती, आमची माणसं’ यांतून हे ज्ञान अनेक वर्षं मराठीत घराघरांत जात आलं आहे. विस्ताराचं लक्ष सोयाबीन, कापूस, डाळिंब, आंब्याकडे राहणं साहजिक आहे. पोट त्यावर चालतं. पण आज गच्चीवर आणि गॅलरीत भाजी पिकवणारा शहरी माणूस आपली माहिती निनावी व्हिडिओंतून गोळा करतो, आणि विद्यापीठाच्या दारात मात्र जात नाही. त्याच्यासाठी दर महिन्याला एखाद्या उद्यानात झाडांचा दवाखाना मांडता येईल. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून, प्रयोग करणारी साधी माणसं एकमेकांना किती शिकवू शकतात ते दाखवलंच आहे. त्यांच्यासारख्या लोकांना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची जोड मिळाली तर टॅकोमात झालं ते इथे व्हायला काही अडचण नाही.

तोवर नमुना घेऊन आपणच कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात जावं. पूर्ण वाळलेली फांदी नेऊ नये. मेलेल्या भागावर नंतर कुठलीही बुरशी येऊन बसते आणि मूळ कारण झाकलं जातं. बिघडलेला आणि चांगला भाग एकत्र दिसेल अशी फांदी घ्यावी, कारण खरी खूण त्या दोघांच्या सीमेवर असते. रोप छोटं असेल तर मुळासकट न्यावं. नमुना ओला करून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, वाटेतच सडतो. कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळावा. सोबत मोबाइलवर तीन फोटो हवेत, पूर्ण झाडाचा, आजूबाजूच्या जागेचा आणि डागाचा अगदी जवळून. मातीची तपासणी करायची असेल तर जमिनीत १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी, चार-पाच ठिकाणची एकत्र करून सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो न्यावी. आठवड्याच्या शेवटी जाऊ नये, नमुना दोन दिवस कपाटात पडून राहतो. आणि कागदावर लिहून न्यावं, कधीपासून, कोणत्या पानांपासून, पाणी किती, गेल्या दोन महिन्यांत काय काय घातलं आणि फवारलं. शेजाऱ्याने दिलेल्या त्या बाटलीचं नावही त्यात असू द्यावं.